बाईंची बंद पाकिटं

दमयंतीबाईंचा फोन आला तेव्हा मी बारामतीच्या स्टँडवर इंदापूरच्या एसटीची वाट बघत उभा होतो. म्हणजे त्यांच्याचकडे निघालो होतो. पिशवीत मिल्काबाईंना आवडणारी खारी होती. "प्रभाकर, मिल्का गेली..." दमयंतीबाई म्हणाल्या, आणि मग शाळेचं वेळापत्रक सांगावं तशा आवाजात, "तू इकडं येऊ नकोस. आम्ही पुण्याला निघतोय, तिथंच ये. आज शुक्रवार आहे, सूर्य मावळायच्या आत माती द्यायला हवी." मी फलाट बदलला आणि पुण्याच्या गाडीत बसलो. खारीची पिशवी मांडीवरच राहिली. हडपसर येईपर्यंत तिचा पार चुरा झाला होता.

दफनभूमीत आम्ही जेमतेम वीस माणसं असू. बाईंच्या ठाण्याच्या भाच्यानं प्रार्थना म्हटली आणि रिवाजाप्रमाणे सदऱ्याची कड फाडली. जवळच्या माणसानं असं अंगावरचं कापड फाडायचं असतं, हे मला बाईंनीच पूर्वी कधीतरी सांगितलं होतं. दमयंतीबाई मागं, बायकांच्या घोळक्यात उभ्या होत्या. कुणीतरी हळूच विचारलं, "आपण कोण त्यांच्या?" त्या म्हणाल्या, "घरची." आणि पदराची किनार दोन्ही हातांत धरून टरकन फाडली. सत्तरी ओलांडलेल्या शिक्षिकेच्या बोटांत एवढा जोर असेल असं मला वाटलं नव्हतं. भाच्यानं वळून बघितलं, क्षणभर थांबला, आणि बाजूला सरकून त्यांना पुढं जागा करून दिली.

डॉ. मिल्का सासवणेकर हे नाव ही पुरवणी वाचणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत असेल. त्या जनुकशास्त्रज्ञ होत्या. रक्तातून पिढ्यान्‌पिढ्या काय उतरत येतं, त्याचा अभ्यास त्यांनी जन्मभर केला. एवढंच असतं तर मी हा लेख लिहायला बसलो नसतो, कारण हुशार माणसं मी पुष्कळ बघितली आहेत आणि त्यातल्या निम्म्यांनी मला साधं 'अहो' म्हटलेलं नाही. मी बारामतीच्या एका लॅबमध्ये रक्त काढणारा टेक्निशियन, मूळचा सांगवीचा, बी.एस्सी. दुसऱ्या प्रयत्नात पास. पण या बाईंनी एका गावाचं रक्त हातात घेतलं आणि त्या रक्ताची इभ्रत मरेपर्यंत सांभाळली. ती सांभाळताना स्वतःची उघड्यावर ठेवावी लागली, तर तीही ठेवली. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. आणि हे सगळं घडलं ते माझ्या एका चुकीमुळं, म्हणून लिहिणं भाग आहे.

त्या गावाचं नाव मी सांगणार नाही. बाईंनी आपल्या एकाही निबंधात ते छापू दिलं नाही, तेव्हा मी कोण छापणारा... बारामती आणि इंदापूर यांच्या मधलं, उसाचं आणि डाळिंबाचं एक गाव, एवढं पुरे. तिथल्या एका लहान मुलाला थॅलेसेमिया निघाला. दर तीन आठवड्यांनी त्याला बारामतीला आणून रक्त चढवावं लागे. आमच्या लॅबमध्ये त्याची आई बसलेली असायची, पदरात तोंड लपवून. मिल्काबाई तेव्हा नुकत्याच वालचंदनगरला राहायला आल्या होत्या, दमयंतीबाईंच्या क्वार्टरमध्ये. दमयंतीबाई तिथल्या कंपनीच्या शाळेत शिवण आणि चित्रकला शिकवायच्या. बाई आधी मोठ्या शहरातल्या मोठ्या संस्थेत होत्या. लोकांनी एका कामासाठी दिलेलं रक्त न विचारता दुसऱ्याच कामाला परदेशी पाठवायचं ठरलं, यांनी कागदावर सही करायला नकार दिला, आणि राजीनामा देऊन बाहेर पडल्या. महिनाभरासाठी म्हणून मैत्रिणीकडे आल्या त्या परत गेल्याच नाहीत. त्या मुलाबद्दल त्यांना कळलं आणि एके दिवशी त्या आमच्या लॅबच्या दारात उभ्या राहिल्या. उंच, काटक, कॉटनची साडी, पायात पुरुषी सँडल. म्हणाल्या, "इथं सगळ्यांत कमी दुखवणारी सुई कुणाची?" सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. माझ्याजवळ अभिमानानं सांगावं असं तेवढंच होतं.

मग हा दोष आणखी कुणाकुणाच्या रक्तात लपून आहे ते तपासायला दर रविवारी आम्ही त्या गावातल्या शाळेत जाऊ लागलो. बर्फाची पेटी, जांभळ्या झाकणाच्या नळ्या, आणि बाईंची ती जाड वही. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारभर त्या सुईला हात लावत नसत, म्हणून गावातल्या बायकांनी ठरवून टाकलं की बाईंना मारुतीचा उपास असणार. आडनावावरून लोक विचारायचे, "सासवडचं का तुमी?" बाई सांगायच्या, "नाही हो, अलिबागकडचं सासवणे. आम्ही बेने इस्रायल. ज्यू. आमचे आजोबा तेलाचा घाणा चालवायचे." समोरचा मान डोलवायचा आणि म्हणायचा, "म्हंजी तेली." बाई म्हणायच्या, "हो, शनिवारी सुट्टी घेणारे तेली." त्या खूप हसायच्या अशा वेळी. पहिल्या रविवारी कुणी हात पुढं करेना, तेव्हा त्यांनी मला खुर्चीत बसवलं आणि माझ्याच सुईनं माझंच रक्त काढलं, सगळ्यांदेखत. एक नंबरची नळी माझी. त्यानंतर रांग लागली.

त्यांची पद्धत अशी होती. नळीवर नाव नाही, फक्त आकडा. कुठला आकडा कुणाचा, ते त्या वहीत, आणि वही हिब्रू अक्षरांत. म्हणजे नावं आपलीच मराठी, पांडुरंग, सुलाबाई, पण लिपी त्यांच्या प्रार्थनेच्या पुस्तकाची, उजवीकडून डावीकडे जाणारी. लहानपणी आजोबांनी शिकवलेली ती अक्षरं आपल्याला या कामासाठी उपयोगी पडतील असं वाटलं नव्हतं, असं त्या म्हणायच्या. पुण्याहून तपासणीच्या चिठ्ठ्या आकड्यांनिशी यायच्या. त्या आम्ही दोघं मिळून घडी घालून पाकिटात घालायचो, आणि बाई वर लाख ओतायच्या. "आकडा बघायचा, प्रभाकर. माणूस आठवायचा नाही," हा त्यांचा हुकूम. मग ज्याचं त्यानं येऊन पाकीट मागायचं. मागितलं की बाई तीनदा विचारायच्या, "हवंय?" घाईत नाही, मधे चांगल्या थांबून. तिसऱ्यांदाही 'हो' आलं, की पाकीट हातात द्यायच्या आणि अंगणात जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहायच्या. आतल्या माणसानं हाक मारली तरच वळायच्या आणि मग दोन-दोन तास समजावत बसायच्या. नुसता वाहक असलेला माणूस अगदी धडधाकट असतो, नवरा-बायको दोघंही वाहक असले तरच मुलाला धोका, हे त्यांनी त्या गावात किती वेळा सांगितलं असेल त्याची गणती नाही.

मला हे सगळं तेव्हा जरा अति वाटायचं, खरं सांगतो. एकदा मोरगावच्या स्टँडवर मी तसं बोलून दाखवलं. दमयंतीबाई दर्शनाला गेल्या होत्या. आम्ही दोघं बाहेर कट्ट्यावर बसलो होतो आणि एक शेळी बाईंच्या पिशवीचा बंद चघळत होती. "रिपोर्ट द्यायला इतकं सोवळं कशाला, बाई?" मी म्हटलं. त्या थोडा वेळ शेळीशीच झटापट करत राहिल्या... मग सांगितलं. त्या आठ-नऊ वर्षांच्या असताना त्यांच्या गावी काही साहेब लोक आले होते. ही कोकणातली तेली माणसं स्वतःला ज्यू म्हणवतात, ती रक्तानं खरीच ज्यू आहेत का, ते बघायला. आजोबांनी नवं धोतर नेसून, घरात मलिदा करायला लावून, पाहुण्यांना पोहे-नारळ-गुळाचा तो प्रसाद खाऊ घालून हात पुढं केला. साहेब म्हणाले, कळवू. "माझे आजोबा अकरा वर्षं पोस्टमनची वाट बघत होते, प्रभाकर. त्यांना वाटायचं, आपण कोण आहोत ते त्या लोकांना आता ठाऊक आहे आणि फक्त आपल्यालाच नाही. ते गेल्यावर पुष्कळ वर्षांनी मी ते उत्तर वर्तमानपत्रात वाचलं. चहा पिता पिता कुणीही वाचावं तसं..." उत्तर काय होतं, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "ते आजोबांना विचारायला हवं होतं, हवंय का म्हणून." शेळीनं तोवर बंद तोडला होता.

एवढं ऐकूनही मी जे केलं ते केलं. माझ्या थोरल्या बहिणीच्या मुलासाठी त्याच गावातली एक मुलगी सांगून आली. तिला इथं मी नंदा म्हणतो, खरं नाव वेगळं आहे. सुपारी फोडायचं ठरत होतं. आक्का माझ्याकडे आली, चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाली, "परभा, त्या पोरीचं रगत तूच काढलंस न्हवं? कसं हाय?" आता आकडा बघायचा, माणूस आठवायचा नाही, हे सगळं खरं. पण आमच्या धंद्यात चेहरा विसरतो, शीर विसरत नाही. नंदाची शीर सापडायला मला तीनदा सुई टोचावी लागली होती, माझ्या नावाला बट्टा लावणारी ती एकच नळी होती, आणि तिचा आकडा माझ्या डोक्यात पक्का बसला होता. त्या आकड्याच्या चिठ्ठीवर काय होतं तेही मी घडी घालताना बघितलं होतं. मी म्हणालो, "आक्का, दुसरं स्थळ बघ." बस, एवढंच. मला वाटलं, मी काहीच सांगितलं नाही. आठवड्यात लग्न मोडलं आणि महिन्यात गावभर झालं की नंदाचं रक्त खराब आहे. माझ्या भाच्याचं रक्त कुणीच तपासलं नव्हतं, आणि तपासायला पाहिजे असं कुणाला वाटलंही नाही. तो मुलगा होता.

मी बाईंना जाऊन सांगितलं. त्या क्वार्टरच्या ओट्यावर शेंगा निवडत बसल्या होत्या. मला वाटलं होतं, हाकलून देतील. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "किती शब्द बोललास?" मी मोजून सांगितलं, "चार." त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "मग आता जा आणि तिला चारशे शब्द बोल. मी बरोबर येणार नाही." मी गेलो. नंदाचा बाप गोठ्यात कडबा तोडत होता, तो मान वर करेना. नंदा उंबऱ्यात उभी होती, एकोणीस वर्षांची. मी जे काही बोललो ते तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माझं पाकीट मी अजून आणलंबी न्हाय. माझ्या रगतात काय हाय ते मला ठावं न्हाय, काका. तुमच्या भनीला ठावं हाय." मला त्या क्षणी मोरगावच्या कट्ट्यावर बाईंनी सांगितलेले ते आजोबा आठवले. आयुष्यात मला इतकी लाज कधी वाटली नव्हती, आणि ती आजही पुरती गेलेली नाही.

पुढचं आणखी अवघड होतं. अशी एक वही आहे, हे आता सगळ्यांना कळलं. गावातले एक वजनदार गृहस्थ, सगळे त्यांना तात्या म्हणत, एके दिवशी क्वार्टरवर आले. मी तिथंच होतो. तो आजारी मुलगा तात्यांचाच नातू. माणूस वाईट नव्हता. नातवाच्या दर खेपेला बारामतीच्या बाकड्यावर बसून त्यांचा धीर सुटत चालला होता. ते म्हणाले, "बाई, कुठल्या कुठल्या घरात हे हाय, ती यादी आमाला द्या. पोरी देताना-घेताना बगितलं पायजे. माझ्या घरात जे झालं ते दुसऱ्याच्या घरात कशाला व्हावं?" बाई म्हणाल्या, "तात्या, मी प्रत्येकाच्या दारात जाऊन सांगीन, पाकीट उघडा, जोडीनं उघडा, लग्नाआधी उघडा. रोज दार वाजवीन. पण नंदाचं उत्तर तुम्हाला मिळणार नाही, आणि तुमचं नंदाला." तात्या जायला उठले. मग स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्या असलेल्या दमयंतीबाईंकडे बघत हळू आवाजात म्हणाले, "तुमी दोघी हितं कशा राहता, ते काय लपून न्हाय, बाई. मी गावात तोंड उघडलं तर कोन तुमच्याफुडं हात करंल? वही रविवारपर्यंत पायजे." ते गेल्यावर दमयंतीबाई खाली बसल्या. त्यांची शाळा होती, पेन्शनला थोडी वर्षं उरली होती, क्वार्टर कंपनीचं होतं. बाईंनी त्यांना विचारलं, "दमू, तू म्हणशील ते." त्यांना 'दमू' म्हणताना मी पहिल्यांदाच ऐकलं. दमयंतीबाई म्हणाल्या, "तू तीनदा विचार." बाईंनी खरंच तीनदा विचारलं. मी उठून ओट्यावर गेलो होतो, तिथं नुसता बाईंचा प्रश्न ऐकू येत होता. काय ठरलं ते मला रविवारीच कळलं.

रविवारी गावातल्या शाळेच्या व्हरांड्यात माणसं मावत नव्हती. तात्या पुढच्या खुर्चीत. बाईंनी वही टेबलावर ठेवली, तिच्यावर हात ठेवला आणि उभ्या राहिल्या. "यादी मागितली आहे. यादी नाही दिली तर माझी एक गोष्ट गावाला सांगितली जाणार आहे. ती मीच सांगते, म्हणजे कुणाला त्रास नको." हे त्या इतक्या शांतपणे म्हणाल्या की मागच्यांना वाटलं, पुढच्या रविवारची वेळ सांगताहेत. "या दमयंतीबाई. मी यांच्याबरोबर राहते. तुमच्यात नवरा-बायको संसार करतात तसा आमचा संसार आहे, माझ्या तिसाव्या वर्षापासून, आधी सुट्ट्यांपुरता, आता रोजचा. आता कुणी म्हणेल, हे रक्तातच असतं का, तपासा. मी रक्त तपासण्यात जन्म घालवला. मला ते कुठल्या नळीत दिसलं नाही. आणि दिसलं असतं तरी ते माझं पाकीट होतं. मी ते आज तुमच्यासमोर उघडलं, कारण मला तसं वाटलं. कुणी उघडायला लावलं म्हणून नाही. तुमचं पाकीट तुम्हाला वाटेल तेव्हा तुम्ही उघडायचं. तोवर या वहीला कुणी हात लावणार नाही, मीसुद्धा तुमच्या परवानगीशिवाय नाही." आणि त्या खाली बसल्या.

मी कितीतरी वर्षं त्या क्षणाचा विचार करतो आहे. बाहेर उसाची एक ट्रॉली गेली. मग कोपऱ्यातून सुलाबाई नावाच्या एक आजी, त्यांचं वय कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं, तंबाखू मळता मळता म्हणाल्या, "ह्यात काय सांगितलंस बाई तू? दोघी एका डब्यात जेवता, एक उटली की दुसरी तिचं चप्पल सरळ करती. आमी काय आंधळ्या हाय व्हय?" आधी बायका हसल्या, मग पुरुष. सगळेच हसले असं नाही. चार-पाच घरं उठून गेली आणि त्यांनी पुन्हा कधी बाईंच्या हातचं पाणी घेतलं नाही. कुणीतरी दमयंतीबाईंच्या शाळेकडे निनावी पत्रंही पाठवली, आणि त्यांना दोन वर्षं फार जड गेली. पण पुढच्या रविवारी नंदा एकटी चालत आली, टेबलासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "माझं पाकीट द्या." बाईंनी तीनदा विचारलं. आणि त्याच्या पुढच्या रविवारी तात्या आले, धाकट्या मुलीला घेऊन. टोपी काढून म्हणाले, "हिचं पाकीट हिच्याच हातात द्या, बाई. मी भाईर थांबतो." आणि ते खरोखरच बाईंच्या शेजारी अंगणात पाठमोरे उभे राहिले. दोघंही डाळिंबाच्या झाडाकडे बघत होते. बाईंबद्दल मला जे वाटतं त्याला आदर हा शब्द पुरत नाही. मी देवळात जाणारा माणूस आहे, आणि तिथंही मला दर वेळी इतकं दिपल्यासारखं होत नाही.

तात्यांचा तो नातू आता मोठा झाला आहे, बारामतीत मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो, अजून रक्त घ्यायला येतो आणि सुई टोचणाऱ्या पोरांना माझ्या नावानं टोमणे मारतो. नंदानं नर्सिंग केलं. सुट्टीच्या दिवशी ती बाईंकडे यायची. आधी नुसती प्रश्न विचारायला, मग कामाला, आणि मग एके दिवशी मी बघितलं तर दोघी वहीवर वाकून बसल्या होत्या आणि नंदाचं बोट उजवीकडून डावीकडे सरकत होतं. बाईंनी तिला ती अक्षरं शिकवली होती. मला कधी शिकवली नव्हती, आणि मी कधी विचारलंही नाही. तिनं पुढं लग्न केलं, आपल्या मर्जीनं, दोघांनी मिळून पाकिटं बघून. त्या लग्नात बाईंनी आणि दमयंतीबाईंनी मिळून एक परात मलिदा केला होता आणि तो जेवणाआधीच संपला.

दमयंतीबाई निवृत्त झाल्यावर दोघींनी इंदापूरला दोन खोल्यांचं घर बांधलं. मागच्या रविवारी तिथं जाऊन आलो. दाराच्या चौकटीवर त्यांच्या धर्माप्रमाणे एक लहानशी पितळी नळी तिरकी ठोकलेली आहे, तिच्यात प्रार्थनेचा कागद असतो. जाता-येता बाई तिला बोटं लावून ओठांना लावायच्या. दमयंतीबाई बिस्किटं आणायला म्हणून दुकानात निघाल्या, तेव्हा त्यांनीही तसंच केलं, आपण काय केलं ते न कळताच. आतल्या खोलीत बाईंची खाट तशीच आहे, आणि खाटेखाली ती पत्र्याची ट्रंक. तिच्यात कुणी न मागितलेली पाकिटं आहेत. बाईंनी लिहून ठेवलं होतं की वही नंदाला द्यावी, तिनं प्रत्येकाला जाऊन विचारावं, आणि ज्याला नको असेल त्याचं पाकीट त्याच्यासमोर न उघडता जाळावं.

नंदा आली होती. ती आता चाळिशी ओलांडलेली बाई आहे, एका दवाखान्यात सिस्टर. तिनं ट्रंक उघडली, वहीचं पहिलं पान काढलं, त्यावरून बोट फिरवलं आणि सगळ्यांत खालचं पाकीट बाहेर काढलं. एक नंबर. मी ते कधीच मागितलं नव्हतं. पहिल्या खेपेच्या चिठ्ठ्या भरताना एक नंबरची चिठ्ठी बाईंनी माझ्या हाताला लागूच दिली नव्हती, आधीच लाख लावून ठेवली होती, आणि मला हायसं वाटलं होतं. नंतर बघू, असं म्हणता म्हणता माझ्या मुलीचं लग्न झालं, तिला मुली झाल्या, आता थोरल्या नातीसाठी स्थळं येताहेत. दुसऱ्याच्या पोरीचं पाकीट मी न विचारता वाचलं होतं आणि स्वतःच्या पाकिटाला इतकी वर्षं घाबरत होतो. बाईंनी यावरून मला कधीच टोकलं नाही. सुरुवातीची काही वर्षं तेवढं विचारायच्या, "प्रभाकर, हवंय?" मी हसून विषय बदलायचो, आणि पुढं त्यांनी विचारणं सोडून दिलं.

पाकिटावरची लाख शाबूत होती. नंदाच्या हातात ही वही आणि ट्रंकेची किल्ली सहा आठवडे होती. लाख फोडून माझं रक्त कसं आहे ते बघायला तिला अर्ध मिनिट पुरलं असतं, आणि तिला तसा हक्क आहे असं म्हणणारा पहिला मीच असतो. ती माझ्यासमोर खाटेवर बसली आणि म्हणाली, "काका, हवंय?" बाहेर कुणीतरी गाडी सुरू करत होतं, ती सुरू होईपर्यंत नंदा थांबली. "हवंय?" मी मान हलवली. तिनं आणखी थोडं थांबून, तिसऱ्यांदा, "काका... हवंय?" "व्हय," मी म्हणालो. इतक्या वर्षांनी माझ्या तोंडून सांगवीचं बोलणं आपोआप बाहेर पडलं. तिनं पाकीट माझ्या हातात ठेवलं, उठली, चौकटीवरच्या नळीला बोटं लावली आणि अंगणात जाऊन माझ्याकडे पाठ करून उभी राहिली, अगदी बाई राहायच्या तशी. ती किती वेळ तशी उभी होती ते मला सांगता येणार नाही. मी लाख फोडली. आत काय निघालं ते नातीला सांगितलं आहे. इथं लिहिणार नाही, ते माझं पाकीट आहे.